प्रिंटर परत परत ‘ऑफलाइन’ जातोय? मागच्या वेळी काय केल्यावर चालला, ते आधी आठवा

एकदाच बंद पडलेला प्रिंटर दुरुस्त करणं सोपं असतं. डोकं खातो तो दर आठ-पंधरा दिवसांनी ‘ऑफलाइन’ जाणारा, काहीतरी खटपट केली की गुमान चालू होणारा आणि गिऱ्हाईक समोर उभं असताना पुन्हा मान टाकणारा प्रिंटर. ठाण्यात नौपाड्यातली सीएंची ऑफिसं, कोर्ट नाक्यावरची टायपिंग-झेरॉक्सची दुकानं, वागळे इस्टेटमधली वर्कशॉप्स आणि तिकडे वाशीला एपीएमसीतले गाळे, सगळीकडून येणाऱ्या फोनचा सूर एकच: “दादा, प्रिंटर परत तसंच करतोय.”

मी उलट विचारतो, “मागच्या वेळी काय केल्यावर चालला होता?” बऱ्याच जणांना वाटतं हा टाइमपास करतोय, यायचं नाही म्हणून. पण अर्धं निदान या उत्तरातच असतं. कोणी म्हणतं कॉम्प्युटर रीस्टार्ट केला. कोणी केबल काढून परत खोचली. कोणी प्रिंटरचंच बटण बंद-चालू केलं. कोणी प्रिंट देताना यादीतलं दुसरं नाव निवडलं. लोकांच्या लेखी हे सगळं ‘झाला बाबा एकदाचा सुरू’ या एकाच खात्यात जमा होतं, पण या चारही उत्तरांची दुखणी वेगवेगळी आहेत. ज्याने केबल हलवून काम चालवलं त्याने ड्रायव्हर (विंडोजला त्या प्रिंटरशी बोलता यावं म्हणून टाकायचा प्रोग्राम) दहा वेळा टाकला तरी काही फरक पडायचा नाही.

खालचं सगळं यूएसबी केबलने जोडलेल्या प्रिंटरबद्दल आणि विंडोजबद्दल आहे. वाय-फाय प्रिंटरचं दुखणं वेगळं, त्यात पडत नाही.

आधी प्रिंटर एकटा चालतो का बघा

झेरॉक्स मारणारा ऑल-इन-वन असेल तर मागची यूएसबी केबल काढून टाका, काचेवर कागद ठेवा आणि कॉपीचं बटण दाबा. कॉपी स्वच्छ आली म्हणजे कागद ओढणं, टोनर किंवा शाई, आतली यंत्रणा सगळं ठीक आहे. नुसताच प्रिंटर असेल तर बहुतेक मॉडेल्सना स्वतःचं टेस्ट पान काढता येतं. डॉट मॅट्रिक्समध्ये, उदाहरणार्थ एप्सनच्या एलएक्स-३१० मध्ये, लाइन फीडचं बटण दाबून ठेवून प्रिंटर चालू केला की तो स्वतःच ओळी मारायला लागतो. हे पान आलं नाही तर कॉम्प्युटरला हात लावू नका, दुखणं मशीनमध्येच आहे. आलं, तर कार्ट्रिज बदलायला, मशीन उघडायला कोणी सुचवलं तरी थांबा.

गाळ्यांमध्ये डॉट मॅट्रिक्सचं आणखी एक असतं. कंटिन्युअस कागद संपला किंवा बिल फाडताना कोणाचा तरी हात पॉजच्या बटणावर पडला, की कॉम्प्युटरवर एरर येते आणि माणूस केबल तपासत बसतो. पॉजचा दिवा आधी बघा.

“दुसरं नाव निवडलं की चालतो”

सगळ्यात जास्त केसेस या प्रकारातल्या असतात, आणि लोकांना सगळ्यात कमी माहिती याचीच असते. म्हणून इथे जरा थांबतो.

प्रिंट देताना यादी उघडा. एकाच प्रिंटरची दोन नावं दिसतायत का? एक साधं आणि दुसऱ्यापुढे कंसात ‘कॉपी १’? काही ठिकाणी ‘कॉपी ३’पर्यंत मजल गेलेली असते. दुकानातला मुलगा सांगतो, “पहिल्यावर दिलं की नाही येत, दुसऱ्यावर दिलं की येतं.” मग काही दिवसांनी उलटं होतं.

घडतं असं. प्रत्येक यूएसबी उपकरण स्वतःचा सीरियल नंबर कॉम्प्युटरला सांगू शकतं, पण सगळी उपकरणं सांगत नाहीत. ज्या प्रिंटरने नंबर सांगितला, तो कुठल्याही भोकात खोचला तरी विंडोज त्याला ओळखतं. ज्याने नाही सांगितला, त्याची ओळख विंडोज त्या भोकावरून ठरवतं. झाडू मारताना केबल निघाली, कोणीतरी शेजारच्या पोर्टमध्ये लावली, की विंडोजच्या मते नवीनच प्रिंटर आला. मग ते नवं नाव तयार करतं आणि त्याला नवा पोर्ट देतं. जुन्याचा ‘यूएसबी००१’, नव्याचा ‘यूएसबी००२’. तुमचं वर्ड, टॅली, ब्राउझर मात्र जुन्याच नावावर कागद पाठवत राहतात. भाडेकरू ४०१ मधून ४०३ मध्ये राहायला गेलाय आणि पोस्टमन अजून ४०१ ची बेल वाजवतोय, असा हा प्रकार. विंडोज प्रामाणिकपणे सांगतं, ‘ऑफलाइन’. त्या दारात खरंच कोणी नाही.

उपाय: सेटिंग्जमध्ये ‘प्रिंटर्स अँड स्कॅनर्स’ उघडा, जुन्या, म्हणजे बंद वाटणाऱ्या प्रिंटरच्या ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’मध्ये जा (‘प्रिंटिंग प्रेफरन्सेस’ नव्हे, ते वेगळं) आणि वर ‘पोर्ट्स’ हा टॅब दाबा. यादीत ‘व्हर्च्युअल प्रिंटर पोर्ट फॉर यूएसबी’ असं लिहिलेल्या एक-दोन किंवा जास्त ओळी दिसतील. आत्ता टिक कुठे आहे ते कागदावर लिहून ठेवा, दुसऱ्या यूएसबी ओळीवर टिक करा, अप्लाय करा आणि ‘जनरल’ टॅबवरून टेस्ट पेज द्या. पान आलं की ‘कॉपी १’वालं नाव काढून टाका.

त्यानंतर केबल ज्या भोकात आहे तिथेच राहू द्या. मी कॅबिनेटवर त्या पोर्टशेजारी मार्करने ‘प्रिंटर’ लिहूनच येतो. ऑफिसवाल्यांना ते हास्यास्पद वाटतं, पण त्या ठिकाणाहून या तक्रारीचा फोन सहसा पुन्हा येत नाही.

याचाच भाऊ म्हणजे डीफॉल्ट प्रिंटर आपोआप बदलणं. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या विंडोज १० च्या अपडेटपासून ‘लेट विंडोज मॅनेज माय डीफॉल्ट प्रिंटर’ अशी सोय आहे. ती चालू असली की शेवटी ज्याच्यावर प्रिंट दिली तोच डीफॉल्ट होऊन बसतो. ताईंनी सकाळी एक फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवण्यासाठी ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ने सेव्ह केली. दुपारी घाईत प्रिंटचं बटण दाबलं तर कागद येत नाही, उलट ‘फाइल कुठे सेव्ह करू’ अशी खिडकी उघडते. हे सेटिंग बंद करा आणि आपला प्रिंटर हाताने डीफॉल्ट करा. ज्या दुकानात एकच प्रिंटर आहे तिथे या सोयीचा उपयोग काय, हे मला अजून कळलेलं नाही. टॅलीत प्रिंटर वेगळा निवडलेला असू शकतो, तोही एकदा बघून घ्या.

विंडोज १० मध्ये प्रिंटच्या रांगेच्या खिडकीत ‘प्रिंटर’ मेन्यूखाली ‘यूज प्रिंटर ऑफलाइन’ असतं. चुकून त्यावर टिक झाली असेल तर काढा. दोन सेकंदांचं काम.

“कॉम्प्युटर रीस्टार्ट केला की चालतो”

इथे संशयित एकच, प्रिंट स्पूलर. तुम्ही दिलेली प्रत्येक प्रिंट आधी स्पूलरकडे जाते, तो ती हार्ड डिस्कवर साठवतो आणि एकेक करून प्रिंटरला देतो. त्यातलं एक काम अडकलं की मागची सगळी रांग तुंबते. रांगेत जाऊन ते डिलीट करायला गेलात तर ‘डिलीटिंग’ असं लिहून येतं आणि तासभर तसंच राहतं.

रीस्टार्टपेक्षा पक्का मार्ग असा. स्टार्टमध्ये ‘सर्व्हिसेस’ शोधा, यादीतून ‘प्रिंट स्पूलर’ निवडा, राइट क्लिक करून ‘स्टॉप’. मग सी ड्राइव्ह, विंडोज, सिस्टम३२, स्पूल, आणि त्याच्या आत ‘प्रिंटर्स’ हे फोल्डर. परवानगी विचारली तर ‘कंटिन्यू’. आत प्रत्येक कामाच्या दोन फायली दिसतील, एक एसपीएल शेपटीची, एक एसएचडी. पहिलीत छापायचा मजकूर, दुसरीत कामाची माहिती. त्या सगळ्या उडवा. फोल्डर स्वतः उडवू नका, आणि शेजारच्या ‘ड्रायव्हर्स’ फोल्डरला तर बोटही लावू नका. परत येऊन स्पूलर ‘स्टार्ट’ करा.

एक सूचना, विशेषतः कोर्ट नाक्यावरच्या काकांसाठी: हे करायच्या आधी ट्रेमधला स्टँपपेपर काढून ठेवा. प्रिंट येत नाही म्हटल्यावर माणूस चिडून पाच-सहा वेळा बटण दाबतो, ती सगळी कामं रांगेत बसलेली असतात. फायली न उडवता नुसता स्पूलर किंवा कॉम्प्युटर रीस्टार्ट केला की ती एकामागोमाग बाहेर पडतात. ५०० रुपयांच्या स्टँपवर आधीच्या पक्षकाराचं प्रतिज्ञापत्र उमटलेलं मी पाहिलंय. त्यानंतर काका माझ्याशी नाही, प्रिंटरशीच बोलत होते, आणि ते इथे लिहिण्यासारखं नाही.

रांग साफ केली तरी आठवड्याभरात पुन्हा तुंबत असेल तर बघा, दर वेळी अडकणारं पहिलं काम कुठलं असतं. बऱ्याचदा ती पीडीएफच निघते: सही-शिक्क्याची, क्यूआर कोडची, कुठल्याशा पोर्टलवरून उतरवलेली. तसं असेल तर अ‍ॅडोबी रीडरच्या प्रिंट खिडकीत ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मध्ये ‘प्रिंट अ‍ॅज इमेज’वर टिक करा. पान थोडं सावकाश येईल, पण येईल.

आणि स्पूलर अडकत नसून स्वतःच बंद पडत असेल, म्हणजे सर्व्हिसेसमध्ये गेल्यावर त्याच्यापुढे ‘रनिंग’ लिहिलेलंच नसेल, तर ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडा. ‘विंडोज लॉग्ज’मध्ये ‘अ‍ॅप्लिकेशन’. त्या वेळेची लाल खुणेची नोंद शोधा. त्यात ‘फॉल्टिंग अ‍ॅप्लिकेशन’पुढे स्पूलरचं नाव असेल आणि ‘फॉल्टिंग मॉड्यूल’पुढे एका फाइलचं. ते मॉड्यूलचं नाव मोलाचं. बरेचदा ते सध्याच्या प्रिंटरचं नसतंच, तर दोन वर्षांपूर्वी भंगारात घातलेल्या प्रिंटरच्या ड्रायव्हरचं असतं. प्रिंटर गेला, ड्रायव्हर राहिला. काही ड्रायव्हर स्पूलरच्याच पोटात चालतात, तो कोसळला की स्पूलरलाही घेऊन कोसळतो. ‘प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज’मध्ये ‘ड्रायव्हर्स’ टॅबवर जाऊन जुनी नावं निवडा आणि काढताना ‘रिमूव्ह ड्रायव्हर अँड ड्रायव्हर पॅकेज’ हाच पर्याय घ्या. नुसता आयकॉन डिलीट केल्याने ड्रायव्हर जात नाही. इंटरनेटवर सांगतात तसं स्पूलरच्या ‘रिकव्हरी’ टॅबवर जाऊन ‘बंद पडला की आपोआप सुरू कर’ असंही करता येतं. मला ते पटत नाही. त्याने तक्रार दिसेनाशी होते, दुखणं तिथेच राहतं.

“अहो, पण रोज रात्री शटडाउन करतो की आम्ही!” हेही ऐकायला मिळतं. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाचा प्रकार आहे. तो चालू असेल तर शटडाउन हे पूर्ण शटडाउन नसतं; विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर्सची अवस्था डिस्कवर जपून ठेवतात आणि सकाळी तीच उचलतात. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्याने सुरू होतं. म्हणून सकाळी चालू केल्यावर प्रिंटर मुका आणि रीस्टार्टनंतर बोलका, असं होत असेल तर ‘पॉवर ऑप्शन्स’मध्ये ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’ इथे जाऊन ‘टर्न ऑन फास्ट स्टार्टअप’ची टिक काढा. टिक फिकट दिसली तर वरची ‘चेंज सेटिंग्ज’ची ओळ आधी दाबावी लागते.

“केबल काढून घातली की चालतो”

सकाळी छान चालतो, जेवणाच्या सुट्टीनंतर नाही, केबल हलवली की ‘टुडुंग’ आवाज येतो आणि सुरू. हे वर्णन जुळलं तर विंडोज वीज वाचवायला यूएसबी पोर्टला झोपवतंय. ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये यूएसबीच्या यादीत जितके ‘यूएसबी रूट हब’ दिसतील तितक्यांच्या ‘पॉवर मॅनेजमेंट’ टॅबवरची पोर्ट बंद करायची परवानगी काढून घ्या. शिवाय पॉवर प्लॅनच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ डिसेबल करा. काही नव्या लॅपटॉपमध्ये ही ओळच दिसत नाही, तिथे पहिल्यावर भागवा.

वेळकाळ न पाळता कधीही जात असेल तर केबल. यूएसबी २.० ला पाच मीटरची मर्यादा आहे, आणि टेबलाखालून, भिंतीकडेने, कपाटामागून फिरवत एक्स्टेंशन जोडून लोक ती सहज ओलांडतात. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टऐवजी मागच्या, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टला लावा. हब मध्ये नको. जुना प्रिंटर निळ्या (यूएसबी ३) पोर्टवर नखरे करत असेल तर काळ्यावर लावून बघा. खाडीच्या बाजूच्या दुकानांत, ऐरोली-वाशीकडे विशेषतः, पावसाळ्यानंतर केबलच्या प्रिंटरकडच्या चौकोनी टोकात हिरवट थर दिसतो. ते टोक घासून वापरण्यात अर्थ नाही, नवीन केबल घ्या.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘अननोन यूएसबी डिव्हाइस’ आणि पुढे कंसात ‘डिव्हाइस डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड’ असं दिसलं, तर ड्रायव्हरची सीडी बाजूला ठेवा. प्रिंटर कोण आहे हे विचारण्यापर्यंतच बोलणं गेलेलं नाही, ड्रायव्हरचा नंबर त्यानंतर लागतो. केबल, पोर्ट, दुसरा कॉम्प्युटर या क्रमाने तपासा. तिन्हीकडे तेच आलं तर दोष प्रिंटरच्या इंटरफेस बोर्डात, म्हणजे केबल जिथे लागते त्या आतल्या बोर्डात.

“प्रिंटरच बंद-चालू केला की चालतो”

विजेकडे बघा. पावसाळ्यात लाइट पूर्ण जात नाही, नुसती लुकलुकते. कॉम्प्युटर यूपीएसवर असतो, त्याला पत्ताही लागत नाही. प्रिंटर मात्र थेट भिंतीतल्या सॉकेटवर असतो, तो त्या क्षणात बंद होऊन पुन्हा चालू होतो. बाहेरून दिवे नेहमीसारखेच दिसतात.

काही प्रिंटरना हे फार लागतं. एचपीचा लेझरजेट १०२० घ्या, जुन्या ऑफिसांत हा अजून ठणठणीत चालतो. त्याचं फर्मवेअर, म्हणजे त्याला चालवणारा आतला प्रोग्राम, त्याच्या पोटात कायमचं राहत नाही. दर वेळी चालू झाल्यावर कॉम्प्युटरने ते त्याला यूएसबीवरून पाठवायचं, अशी रचना आहे. लाइट लुकलुकली, प्रिंटर कोरा झाला, आणि त्याच वेळी स्पूलर एखाद्या अर्धवट कामात अडकलेला असेल तर फर्मवेअर वेळेवर पोचत नाही. प्रिंटर दिवा लावून नुसता बसून राहतो. अशा वेळी क्रम महत्त्वाचा: आधी स्पूलर साफ, मग प्रिंटर बंद, थोडं थांबून चालू, मग प्रिंट.

“मग प्रिंटरही यूपीएसवरच टाकतो ना!” लेझर असेल तर अजिबात नको. लेझरचा फ्यूजर (टोनर तापवून कागदावर चिकटवणारा भाग) तापताना क्षणभर जबरदस्त करंट ओढतो. ६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॉटच देतो. तो किंचाळतो, कधी ट्रिप होतो, आणि मग कॉम्प्युटरवर भरत असलेलं टॅक्सचं रिटर्नही जातं. इंकटँक किंवा डॉट मॅट्रिक्स चालेल. लेझरला वेगळा सॉकेट द्या, आणि एसी किंवा झेरॉक्स मशीनच्या एक्स्टेंशन बोर्डावर त्याला भागीदार करू नका.

अपडेटनंतर सुरू झालं असेल तर

“काही केलं नाही, अपडेट झालं आणि बिघडलं” यात कधीकधी तथ्य असतं. २०२५ च्या जानेवारीअखेरीस आलेल्या एका विंडोज अपडेटनंतर काही यूएसबी प्रिंटर आपणहून अगम्य अक्षरांची पानं काढू लागले होते, आणि मायक्रोसॉफ्टने ते मान्यही केलं. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत ‘विंडोज प्रोटेक्टेड प्रिंट मोड’ आहे. तो चालू केला की कंपन्यांच्या स्वतःच्या ड्रायव्हरवर चालणारे प्रिंटर यादीतून जातात. सुरक्षेसाठी चांगलं म्हणून कोणी तो चालू करून गेलं असेल आणि तुमचा जुना लेझर गायब झाला असेल, तर प्रिंटर्सच्या सेटिंग्जमध्ये तो बंद करा आणि ड्रायव्हर पुन्हा टाका. ड्रायव्हर कंपनीच्याच साइटवरून घ्या. सर्चमध्ये वर येणाऱ्या ‘ड्रायव्हर अपडेटर’ला हात लावू नका, त्यातून ड्रायव्हरपेक्षा इतर गोष्टीच जास्त येतात.

तरीही नाहीच झालं आणि कोणाला बोलवायचं ठरलं, तर फोनवर एवढं सांगा: मॉडेलचं पूर्ण नाव, यादीत त्याची किती नावं दिसतात, डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘अननोन’ काही आहे का, आणि मागच्या वेळी काय केल्यावर चालला. मशीन उचलून माझ्या दुकानापर्यंत आणायच्या आधी एवढं कळलं तर निम्म्या वेळा ते उचलावंच लागत नाही. आणायचंच झालं तर केबल आणि पॉवर कॉर्डसुद्धा सोबत आणा. नव्या केबलने दुकानात टकाटक चालणारा प्रिंटर परत नेऊन तुम्ही त्याच जुन्या केबलला लावणार असाल, तर तुमची रिक्षा फुकट आणि माझा वेळही.